नव्या डिस्कवर कमांड लाइनवरून फाइल सिस्टिम: डिस्क ओळखण्यापासून कायमच्या माउंटपर्यंत

लिनक्समध्ये नवी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था, तयार करणारी आज्ञा एका ओळीची असते आणि ४ टीबीच्या डिस्कवरही बहुतेक वेळा मिनिटभरात आटोपते. वेळ लागतो तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला, आणि घोळही तिथेच होतात. आधी चुकीची डिस्क निवडली जाते. नंतर एफएसटॅबमधल्या, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमधल्या, एका चुकलेल्या अक्षरामुळे मशीन सकाळी सुरूच होत नाही. म्हणून या लेखात मुख्य आज्ञेपेक्षा तिच्या मागच्यापुढच्या गोष्टींवरच जास्त जागा खर्च केली आहे.

उदाहरणासाठी नाशिकमधली दोन ठिकाणं डोळ्यासमोर ठेवू. एक सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतलं वर्कशॉप: जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू टाकलेलं, त्यावर सीएनसीचे प्रोग्रॅम, ड्रॉइंग, बिलांच्या पीडीएफ, म्हणजे लाखो बारीक फाइली. दुसरा पंचवटीतला लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ: फाइली मोजक्या, पण एकेक २०-३० जीबीची. दोघांनी ४ टीबीची सारखीच डिस्क आणली तरी तिच्यावर फाइल सिस्टिम बनवताना दोघांचे पर्याय वेगळे पडतात. ते का, हे पुढे येईलच.

आज्ञा इथे देवनागरीत, जशा वाचतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, आणि लिनक्सला छोट्या-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो हे विसरू नका. सुरुवातीचं "सुडो" म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या, अधिकाराने चालवणं.

डिस्क नेमकी कोणती?

डिस्क कॅबिनेटमध्ये बसवण्यापूर्वी तिच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. एकदा ती आत गेली की स्टिकर बहुतेक वेळा उलट्या बाजूला जातं. मशीन सुरू झाल्यावर:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सिरियल,एफएसटाइप,माउंटपॉइंट

या यादीत कंपनीचं मॉडेल, सिरियल आणि आकार तिन्ही जुळले तरच पुढे जायचं. ४ टीबीची डिस्क इथे ३.६टी दिसते. डिस्क खराब नाही आणि दुकानदारानेही फसवलेलं नाही. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, लिनक्स १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच फरक.

/डेव्ह/एसडीबी यासारखी नावं कायमची नसतात. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना तीच डिस्क एसडीए किंवा एसडीसी म्हणून येऊ शकते. ज्या मशीनमध्ये सिस्टिम एनव्हीएमई एसएसडीवर आहे तिथे सिस्टिमची डिस्क एनव्हीएमई०एन१ असते आणि पहिली साटा डिस्क एसडीए होते. त्यामुळे कुठल्याही लेखातली, या लेखातलीसुद्धा, आज्ञा उचलून जशीच्या तशी चिकटवू नका. खात्री हवी असेल तर एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी अशी आज्ञा द्या. तिथे मॉडेल आणि सिरियल असलेलं लांबलचक नाव दिसतं आणि ते सध्या कोणत्या छोट्या नावाकडे बोट दाखवतंय तेही कळतं. यूएसबी डॉकमधून जोडलेल्या डिस्कच्या बाबतीत एक अडचण येते: काही डॉक डिस्कचा सिरियल पुढे न देता स्वतःचाच देतात. अशा वेळी डिस्क काढून एलएसबीएलके, मग लावून पुन्हा एलएसबीएलके. जी ओळ वाढली ती तुमची.

एफएसटाइपचा (फाइल सिस्टिमच्या प्रकाराचा) रकाना रिकामा दिसला म्हणून डिस्क रिकामी समजू नका. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून काढलेल्या डिस्कवर महिनाभराचं रेकॉर्डिंग असू शकतं आणि तरी लिनक्सला तिथे ओळखीचं काहीच दिसत नाही, कारण बरेच डीव्हीआर स्वतःच्याच पद्धतीने लिहितात. उलट जुन्या रेडमधून (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीतून) आलेल्या डिस्कच्या खाली अचानक एमडी१२७ असं काहीतरी लोंबकळताना दिसतं. म्हणजे लिनक्सने जुनं रेड आपण होऊन अर्धवट उभं केलंय. ते थांबवल्याशिवाय पुढची कोणतीही आज्ञा "डिव्हाइस बिझी" एवढंच म्हणत राहील. सुडो एमडीएडीएम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७ दिलं की डिस्क सुटते.

एमजी रोडवरून जुनी, वापरलेली डिस्क घेतली असेल तर आधी तब्येत तपासा. स्मार्टमनटूल्स हे पॅकेज टाकून:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी

दोन ओळी बघायच्या, क्रमांक ५ आणि क्रमांक १९७. पाचव्यात आतापर्यंत बदललेले खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) असतात, १९७ मध्ये वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले. १९७ च्या शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काहीही असेल तर बॅकअपसाठी ती डिस्क वापरू नका, किंमत कितीही चांगली लागली असली तरी. यूएसबीतून माहिती येत नसेल तर आज्ञेत -डी सॅट जोडून पाहा.

कोणती फाइल सिस्टिम?

डिस्क एकाच लिनक्स मशीनमध्ये कायम राहणार असेल तर ईएक्सटी४ घ्या आणि विषय संपवा. ती जुनी आणि घट्ट आहे, दुरुस्तीची साधनं सगळीकडे मिळतात, आणि पुढे विभाग (पार्टिशन) लहान करायची वेळ आली तर करता येतो. एक्सएफएस मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी उत्तम, पण तो लहान करता येत नाही, फक्त वाढवता येतो.

स्टुडिओची डिस्क विंडोज लॅपटॉप, मॅक आणि लिनक्स अशी फिरणार असेल तर एक्सफॅट. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्याचा आधार ५.४ या आवृत्तीपासून आहे. फाइल सिस्टिम बनवायला एक्सफॅटप्रोग्ज हे पॅकेज लागतं. फॅट३२ नको, कारण तिथे एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि लग्नाच्या व्हिडिओला ते दहा मिनिटांतही अपुरं पडू शकतं. पण एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी त्याची टिपणं ठेवायची सोय, नाही. कॉपी चालू असताना केबल निघाली तर नुकसान ईएक्सटी४ पेक्षा जास्त होऊ शकतं. म्हणून मूळ फुटेजची एकमेव प्रत एक्सफॅटवर ठेवणं हा धोकाच आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थात रोज शेकडो जीबी शूट करणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. इकडेतिकडे न्यायची डिस्क एक्सफॅट असावी, मूळ साठा ईएक्सटी४ वर.

विभाजन

पूर्ण डिस्कवर विभाग न पाडता थेट फाइल सिस्टिम बनवता येते आणि ती चालतेही. तरी करू नका. अशी डिस्क कोणी विंडोजला लावली की तिथे ती कोरी दिसते, "फॉर्मॅट करू का" अशी खिडकी येते, आणि ऑफिसातलं कोणीतरी हो म्हणतं.

विभागांचा तक्ता (कोणता विभाग कुठे आहे याची डिस्कवरची यादी) जीपीटी पद्धतीचा हवा. जुन्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटचे सेक्टर असताना २ टीबीच्या पुढची जागा हाताळताच येत नाही. ४ टीबीच्या डिस्कची निम्मी जागा गायब झाल्याची तक्रार बहुधा इथूनच येते.

सुडो वाइपएफएस /डेव्ह/एसडीबी

ही आज्ञा कोणत्याही पर्यायाशिवाय दिली की फक्त जुन्या खुणा दाखवते, काही पुसत नाही. काय दिसतंय ते वाचा. डिस्क तीच आहे आणि त्यातलं काही नको आहे याची खात्री पटली की -ए जोडून त्या खुणा पुसा. मग:

सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीबी एमकेलेबल जीपीटी
सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीबी एमकेपार्ट बॅकअप ईएक्सटी४ १एमआयबी १००%

सुरुवात १एमआयबी पासून करण्याला कारण आहे. आजच्या बहुतेक डिस्कचे खरे सेक्टर ४०९६ बाइटचे असतात. विभाग मध्येच कुठेतरी सुरू झाला तर फाइल सिस्टिमचा एक ब्लॉक दोन सेक्टरांवर पडतो आणि प्रत्येक छोट्या लेखनाला दुप्पट काम होतं. १एमआयबी ला सगळे आकार नीट भागतात.

पार्टेडमध्ये लिहिलेल्या "ईएक्सटी४" ने फाइल सिस्टिम तयार होत नाही. ती फक्त विभागाच्या प्रकाराची नोंद असते. इथेच थांबून माउंट करायला (डिस्क एका फोल्डरला जोडायला) गेलात तर "रॉंग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक" असा लांबलचक संदेश येतो. आणखी एक: एफडिस्कमध्ये डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, मनात आलं तर क्यू दाबून बाहेर पडता येतं. पार्टेड मात्र एंटर दाबताक्षणी लिहितो. डिस्कवर जुना तक्ता असेल तर एकदा विचारतो, तेवढाच अडथळा. नवख्या माणसाने एफडिस्क वापरावा असं आम्ही म्हणू. त्यात जी दाबून जीपीटी, एन दाबून नवा विभाग, पुढच्या तिन्ही प्रश्नांना नुसतं एंटर, पी दाबून खात्री, मग डब्ल्यू.

यानंतर एलएसबीएलकेमध्ये एसडीबीच्या खाली एसडीबी१ दिसायला हवा. एनव्हीएमई डिस्कवर हेच नाव एनव्हीएमई१एन१पी१ असं, मध्ये "पी" घेऊन येतं. दिसत नसेल तर सुडो पार्टप्रोब.

फाइल सिस्टिम

आता कामाची ओळ. आधी कोरडी चाचणी:

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एन /डेव्ह/एसडीबी१

छोटं "एन" दिलं की काय बनलं असतं ते छापलं जातं, बनत काहीच नाही. इथे इनोडची संख्या बघा. इनोड म्हणजे प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारी जागा, आणि ईएक्सटी४ मध्ये त्यांची संख्या फाइल सिस्टिम बनतानाच ठरते. साधारणपणे १६,३८४ बाइटला एक इनोड मिळतो, म्हणजे ४ टीबीला सुमारे २४ कोटी ४२ लाख. प्रत्येक इनोड २५६ बाइटचा, म्हणजे जवळपास ६२ जीबी नुसत्या नोंदवहीत जातात.

वर्कशॉपला हे ठीक आहे, तिथे बारीक फाइली खरंच असतात. स्टुडिओकडे मात्र २४ कोटी फाइली कधी होणार नाहीत. त्यांनी मोठ्या "टी" चा पर्याय देऊन "लार्जफाइल" सांगावं. मग १ एमबीला एक इनोड, एकूण सुमारे ३८ लाख, आणि नोंदवही १ जीबीच्या आत. याच्या उलट चूक महागात पडते. पाच-पाच केबीच्या फाइली साठवणाऱ्या डिस्कवर लार्जफाइल वापरलं तर निम्मीअधिक डिस्क मोकळी असताना "नो स्पेस लेफ्ट" असा संदेश येईल. डीएफ -एच मोकळी जागा दाखवेल, डीएफ -आय मात्र इनोड १०० टक्के भरलेले. यावर उपाय एकच: सगळं दुसरीकडे हलवून फाइल सिस्टिम नव्याने बनवणं. मनात शंका असेल तर मूळ प्रमाण राहू द्या, ६२ जीबी जातील तर जातील.

दुसरा पर्याय राखीव जागेचा. ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवतं. सिस्टिमच्या डिस्कवर त्याला अर्थ आहे, कारण डिस्क भरली तरी लॉगिन होऊन साफसफाई करता येते. ४ टीबीच्या साठ्याच्या डिस्कवर मात्र त्याचे २०० जीबी होतात. १ टक्का पुरे. हा आकडा नंतरही ट्यून२एफएस -एम १ अशा आज्ञेने, डेटाला हात न लावता बदलता येतो, त्यामुळे यावर डोकं शिणवू नका.

वर्कशॉपची ओळ (पहिलं एम छोटं, एल मोठं):

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम १ -एल बॅकअप /डेव्ह/एसडीबी१

स्टुडिओची, टी मोठं:

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एम १ -टी लार्जफाइल -एल फुटेज /डेव्ह/एसडीबी१

लेबल इंग्रजीतच द्या. त्यासाठी १६ बाइट असतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, ३ बाइट खातं. "नाशिक" पाच चिन्हांत, १५ बाइटमध्ये जेमतेम बसतं. "सातपूर" १८ वर जातं आणि बसत नाही.

विभागावर आधीची फाइल सिस्टिम असेल तर आज्ञा तिचं नाव, कधीकधी शेवटचं माउंट केल्याची तारीखही सांगते आणि "प्रोसीड एनीवे?" विचारते. ही ओळ नीट वाचा. कोऱ्या म्हणून घेतलेल्या डिस्कवर गेल्या आठवड्याची तारीख दिसली तर एन दाबा आणि पुन्हा सिरियल तपासायला जा. मोठ्या "एफ" चा जबरदस्तीचा पर्याय हा प्रश्नच गाळून टाकतो, म्हणून तो हाताने टाइप करायची सवय लावू नका. "अपॅरंटली इन यूज बाय द सिस्टिम" असा नकार आला तर विभाग कुठेतरी माउंट आहे किंवा रेडने, नाहीतर एलव्हीएमने (डिस्कची जागा एकत्र करून वाटणाऱ्या सोयीने) धरला आहे. तिथेही जबरदस्ती करायची नाही, धरणारा शोधायचा.

काम संपल्यावर पडद्यावर यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि सुपरब्लॉकच्या (फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणाऱ्या जागेच्या) प्रतींचे क्रमांक येतात: ३२७६८, ९८३०४, १६३८४० आणि पुढे. हे उतरवून ठेवण्यासारखे आहेत. उद्या मुख्य सुपरब्लॉक बिघडला तर सुडो ई२एफएससीके -बी ३२७६८ /डेव्ह/एसडीबी१ अशी प्रतीवरून दुरुस्ती होते. मधेच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही, डिस्कवर अजून काही नाहीच. तीच आज्ञा पुन्हा द्या.

माउंट आणि मालकी

सुडो एमकेडीआयआर -पी /एसआरव्ही/बॅकअप
सुडो सीएचएटीटीआर +आय /एसआरव्ही/बॅकअप
सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एसआरव्ही/बॅकअप

मधली ओळ बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही, पण तिची गरज खरी आहे. एखाद्या दिवशी केबल सैल होऊन डिस्क माउंट झाली नाही, तरी /एसआरव्ही/बॅकअप हा फोल्डर सिस्टिमच्या डिस्कवर असतोच. रात्रीचा बॅकअप निमूटपणे त्यात लिहायला लागतो, सकाळपर्यंत छोटी एसएसडी काठोकाठ भरते आणि मशीन लटकतं. सीएचएटीटीआर +आय मुळे रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलाही लिहिता येत नाही. डिस्क वर बसली की तिचा स्वतःचा मूळ फोल्डर दिसतो आणि लिहिणं नेहमीसारखं चालतं.

नव्या फाइल सिस्टिमची मालकी रूटकडे असते, म्हणून साध्या वापरकर्त्याला "परमिशन डिनाइड" येतं. डिस्क माउंट झाल्यानंतर सुडो सीएचओडब्ल्यूएन (चाऊन) वापरून मालक बदला. माउंट करण्याआधी बदललात तर तो बदल खालच्या फोल्डरवर राहतो आणि वर बसलेल्या डिस्कला लागू होत नाही. सगळ्यांना सगळं उघडं करणारा ७७७ चा शॉर्टकट ऑफिसातल्या बॅकअपवर नको. लॉस्ट+फाउंड नावाचा फोल्डर दिसेल, तो राहू द्या, दुरुस्तीत सापडलेले तुकडे तिथे ठेवले जातात.

पहिल्या माउंटनंतर डिस्कचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो, तुम्ही काही कॉपी करत नसतानाही. इनोडचे तक्ते शून्याने भरण्याचं उरलेलं काम कर्नल आता मागच्या मागे करतोय. डिस्क परत करायला दुकानात नेऊ नका.

एफएसटॅब

सुडो बीएलकेआयडी /डेव्ह/एसडीबी१ या आज्ञेने यूयूआयडी मिळवा, पार्टयूयूआयडी नव्हे. दोन्ही एकाच ओळीत शेजारी असतात. आधी /ईटीसी/एफएसटॅबची प्रत काढा, मग शेवटी एक ओळ जोडा. यूयूआयडी हा शब्द मोठ्या अक्षरांत, बराबर चिन्हाच्या आजूबाजूला जागा न सोडता:

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक /एसआरव्ही/बॅकअप ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

शेवटचा २ म्हणजे सुरू होताना रूटनंतर तपासणी करा. नोफेल म्हणजे डिस्क नसली तरी मशीन सुरू होऊ दे. ते नसेल तर सिस्टिमडी (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) डिस्कची ९० सेकंद वाट बघतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो, आणि दूरवरून लॉगिन करणाऱ्याला तो काळा पडदा दिसतही नाही. स्वल्पविरामानंतर चुकून जागा सुटली तरी ओळ बिघडते. फाइल साठवल्यावर:

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो यूमाउंट /एसआरव्ही/बॅकअप
सुडो माउंट -ए

तिसऱ्या आज्ञेत "यू" नंतर "एन" नाही, इथे बोटं हमखास चुकतात. "टार्गेट इज बिझी" आलं तर दहापैकी आठ वेळा तुमचंच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभं असतं. सीडी ही आज्ञा देऊन बाहेर या, तरी अडलं तर सुडो फ्यूझर -व्हीएम आणि पुढे फोल्डरचं नाव. सगळं बरोबर वाटलं तरी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलेले असतानाच एकदा रीबूट करून बघा. मशीन खरोखर इमर्जन्सी मोडमध्ये अडकलंच तर रूट म्हणून आत जाऊन माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / ही आज्ञा द्यायची आणि मग एफएसटॅबमधली ती ओळ दुरुस्त करायची.

वीज आणि केबल

मे महिन्यात वळीव आला की दिवे जातात, हे नाशिककरांना सांगायला नको. ईएक्सटी४ चं जर्नल फाइल सिस्टिमचा सांगाडा वाचवतं. त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइलचा मजकूर वाचेलच असं नाही. कॉपी संपल्याचं टर्मिनलने सांगितलं तरी बराचसा डेटा अजून रॅममध्ये असू शकतो. सिंक (एस-वाय-एन-सी) ही आज्ञा देऊन ती परत येईपर्यंत थांबा. घरगुती इन्व्हर्टरवर चालणारं मशीन वीज पलटताना कधीकधी रीस्टार्ट होतं, म्हणून बॅकअपच्या मशीनला यूपीएस हवा. यूएसबी डिस्क काढताना आधी यूमाउंट, मग यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी. डिस्क फिरायची थांबल्याचं हाताला जाणवतं, त्यानंतरच केबल.

चुकीच्या डिस्कवर आज्ञा गेलीच तर लगेच हात थांबवा. त्या डिस्कवर काहीही लिहू नका, माउंटसुद्धा करू नका. फक्त विभागांचा तक्ता गेला असेल तर टेस्टडिस्क बऱ्याचदा जुने विभाग शोधून देतं. एमकेएफएस चाललं असेल तर चकती फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर फोटोरेकसारखं साधन फाइली उकरून काढू शकतं, नावं आणि फोल्डर गमावून. एसएसडीवर आशा फार थोडी, कारण एमकेएफएस.ईएक्सटी४ सुरुवातीलाच डिस्कला सगळे ब्लॉक मोकळे करायला सांगतं.

फाइली अशा उकरून काढता येतात म्हणूनच, जुनी हार्ड डिस्क विकताना नुसती नवी फाइल सिस्टिम बनवून देऊ नका. गिऱ्हाइकाचे फोटो तिच्यात तसेच असतात. सुडो श्रेड -एन ० -झेड -व्ही /डेव्ह/एसडीबी या आज्ञेने एकदा पूर्ण शून्यं लिहा. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने ४ टीबीला साधारण साडेसात तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा.